देवनारहून चार रविवार

देवनार हें नांव उच्चारलें कीं मुंबईकराच्या डोळ्यांपुढें प्रथम कचऱ्याचा डोंगर उभा राहतो. त्यांत नवल नाहीं. १९२७ पासून शहरानें आपल्या घरांतलें नकोसें झालेलें सारें गाड्या भरभरून येथें आणून टाकलें. शेंकडों एकर जागा त्या ढिगाऱ्याखालीं गेली. आणि २०१६ च्या जानेवारींत त्याला आग लागली तेव्हां तिचा धूर कित्येक दिवस शहरावर रेंगाळत राहिला. १९७१ मध्यें शहराचा कत्तलखानाही येथेंच आला. अशा गांवच्या मुलाला, "तूं राहतोस कोठें?" असें कोणी विचारलें तर तो चेंबूरचें नांव सांगून वेळ मारून नेतो. त्याला दोष कोणी द्यावा? परंतु माणसाला आपल्या गांवाची लाज वाटूं लागली म्हणजे तो गांवाकडे पाहणेंच सोडतो. आणि पाहणें सुटलें कीं जपणेंही सुटतें. खरी हानि होते ती येथें.

वास्तविक देवनारच्या रहिवाशानें मान खालीं घालावी असें कांहींएक नाहीं. त्याच्या घरापासून फार तर दोन-अडीच तासांच्या वाटेवर पक्ष्यांनीं भरलेली खाडी आहे, हद्दीवरचा किल्ला आहे, साडेसहा कोटि वर्षांचा कडा आहे आणि दोन हजार वर्षांचीं लेणीं आहेत. हीं स्थळें पाहण्यासाठीं दूरदेशचें तिकीट काढावें लागत नाहीं कीं साहेबाकडे रजा मागावी लागत नाहीं. लोकलचें तिकीट, फडक्यांत बांधलेली भाजीभाकरी, पिण्याचें पाणी आणि चार मोकळे रविवार एवढें भांडवल पुरे. हे चार रविवार कोठें घालवावेत, तेथें काय पाहावें आणि पाहून काय उमजावें, याचा विचार येथें क्रमानें करावयाचा आहे.

भूगोलाचा थोडा पाया घातल्याशिवाय ही सफर नीट समजणार नाहीं. मुंबईच्या उत्तरेस जें मोठें बेट आहे त्याला साष्टी म्हणतात. सहासष्ट गांवांची ती साष्टी, अशी त्या नांवाची व्युत्पत्ति सांगतात. पश्चिमेस समुद्र, उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी आणि दक्षिणेस माहीमची खाडी, अशा तिच्या चतुःसीमा. मधोमध डोंगरांचा कणा असून त्याच्याच कुशींत कान्हेरीचीं लेणीं आणि विहार-तुळशीचे तलाव आहेत. देवनार, मानखुर्द हीं गांवें आग्नेय कोपऱ्यांत, ट्रॉम्बेच्या बाजूस पडतात. ट्रॉम्बेचें बेट पूर्वीं साष्टीहून वेगळें होतें. मधली दलदल भरत गेली आणि दोन्ही भूमि एकमेकींस मिळाल्या. ट्रॉम्बेचा डोंगर सुमारें एक हजार फूट उंच असून देवनारच्या गच्च्यांवरून तो रोज दिसतो; परंतु त्याच्या पायथ्याशीं अणुसंशोधन केंद्र असल्यामुळें तेथें सर्वांस जातां येत नाहीं. दुरून डोंगर साजरे ही म्हण त्याच्यापुरती अक्षरशः खरी मानावी आणि खाडीकडे वळावें.

पहिला रविवार खाडीचा. तो माघ-फाल्गुनांतला असावा आणि वेळ ओहोटीची असावी. मानखुर्दला पनवेलकडे जाणारी गाडी पकडावी. ती खाडीपुलावर चढली कीं उत्तरेकडच्या खिडकीपाशीं उभें राहावें. पाणी ओसरून उघड्या पडलेल्या चिखलावर फिक्या गुलाबी रंगाची एक लांबच लांब रेघ दिसेल. ती रेघ हळूंहळूं हलतांना दिसली म्हणजे समजावें कीं ते रोहित पक्षी आहेत. कित्येक जण त्यांना अग्निपंखही म्हणतात, कारण पंख उघडतांच आंतला लाल रंग ज्वाळेसारखा झळकतो. त्यांच्यांत थोरला आणि धाकटा अशा दोन जाती येथें येतात. रोहित पक्षी मान वांकवून चोंच उलटी पाण्यांत धरतो, चिखलपाणी आंत ओढतो आणि चोंचीच्या कडेच्या गाळणींतून तें बाहेर सोडून देतो. मागें राहतात तीं सूक्ष्म शेवाळीं आणि बारीक जीव. त्याचा गुलाबी रंगही ह्या अन्नांतूनच येतो. त्याचें पिल्लू जन्मतः करड्या रंगाचें असतें.

गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून हे पक्षी ह्या किनाऱ्यावर मोठ्या संख्येनें उतरूं लागले. अलीकडे त्यांची गणती लाखाच्या घरांत गेली आहे. २०१५ मध्यें खाडीच्या ह्या भागाला रोहित पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून घोषित करण्यांत आलें, आणि २०२२ मध्यें आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ भूमींच्या रामसर यादींत तिचा समावेश झाला. ज्यांना अधिक जवळून पाहावयाचें आहे त्यांच्यासाठीं ऐरोलीच्या बाजूनें होडीची सोय आहे. त्या होडींतून जातांना दोन्ही तीरांवरचीं तिवरें पाहण्यास विसरूं नये. खारट चिखलांत हवा नसते, म्हणून तिवराचें झाड आपलीं मुळें जमिनीतून वर काढून श्वास घेतें. ओहोटीच्या वेळीं झाडाभोवतीं पेन्सिली रोंवाव्यात तशीं तीं दिसतात. भरतीचा मारा हींच झाडें अंगावर घेतात. २००५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें त्यांच्या तोडीस मनाई केली नसती, तर किनाऱ्याचा हा हिरवा पदर आणखी किती फाटला असता, याची कल्पनाच करावी.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. ज्या खाडीच्या एका कांठावर देवनारचा कचरा आहे, त्याच खाडीच्या चिखलावर हा राजस पाहुणा उतरतो. शहराच्या सांडपाण्यानें शेवाळ वाढलें आणि म्हणून पक्षी आले, असाही तर्क कांहीं जाणकार करतात. पण त्यावरून घाण हितकारक आहे असा निष्कर्ष कोणी काढूं नये. शेवाळाला जें पोसतें तेंच प्रमाणाबाहेर गेलें कीं पाण्याचा प्राण घेतें. शिवाय पाहुण्याच्या वाटेवर आतां संकटेंही फार आहेत. २० मे २०२४ च्या रात्रीं घाटकोपरवरून उडत चाललेल्या थव्याला विमानाची धडक बसली आणि सुमारें चाळीस रोहित पक्षी वस्तींत मरून पडले. त्या रात्रीं लोकांनीं ते गोळा केले तेव्हां पुष्कळांनीं तो पक्षी प्रथमच जवळून पाहिला असेल. जिवंतपणीं पाहण्याची संधि हाताशीं असतां अशी वेळ येऊं नये.

दुसरा रविवार शीवेच्या किल्ल्याचा. गोवंडीहून गाडीनें कुर्ला, तेथें गाडी बदलून पुढचेंच स्थानक शीव. शीव म्हणजे हद्द. शेताच्या बांधाला शेतकरी आजही शीव म्हणतो. ह्या गांवाचें नांवच त्याचा इतिहास सांगतें. स्थानकापासून थोड्याच अंतरावर एक शंकूसारखी टेंकडी आहे आणि तिच्या माथ्यावर पडक्या भिंतींचा लहानसा किल्ला आहे. गव्हर्नर जेरल्ड आँजियर याच्या कारकीर्दींत, १६६९ ते १६७७ च्या दरम्यान तो बांधला गेला. त्या वेळीं दक्षिणेकडचें मुंबई बेट इंग्रज कंपनीचें आणि खाडीपलीकडची साष्टी पोर्तुगीजांची होती. कंपनीचा पहारेकरी ह्या माथ्यावर उभा राहून पलीकडे कोण हालचाल करतो तें पाहात असे.

हालचाल झाली ती १७३७ मध्यें. आणि ती करणारे तिसरेच निघाले. चिमाजी आप्पांच्या मोहिमेंत मराठ्यांच्या फौजा साष्टींत उतरल्या, ठाणें त्यांच्या हातीं आलें, आणि दोन वर्षांनीं, १७३९ मध्यें, वसईही पडली. इंग्रजांच्या मनांत त्या वर्षीं काय चाललें असेल याचा पुरावा जवळच आहे. धारावींत काळा किल्ला म्हणून एक लहानसें ठाणें दाट वस्तीच्या मधोमध अजून उभें आहे. त्यावरील शिलालेखांत गव्हर्नर जॉन हॉर्न याचें नांव आणि १७३७ हें साल कोरलें आहे. शेजारी बदलला म्हणून कुंपण पक्कें केलें, इतका त्याचा सरळ अर्थ. पुढें १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ठाणें घेतलें आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. दोन्ही तीर एकाच्याच हातीं आल्यावर हद्दीवरच्या किल्ल्याचें काम संपलें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं शीव आणि कुर्ला यांना जोडणारा बांधरस्ता झाला. १६ एप्रिल १८५३ रोजीं ठाण्याला जाणारी पहिली आगगाडी ह्याच बाजूनें गेली. आज लक्षावधि माणसें रोज ही शीव ओलांडतात, पण आपण हद्द ओलांडली हें कोणाच्या ध्यानींमनीं नसतें. किल्ल्यावर अर्धा तास बसून उत्तरेकडे पाहिलें म्हणजे तें ध्यानांत येतें. मुलांना इतिहासाच्या पुस्तकांतला तहनामा पाठ करण्याचा कंटाळा येतो. तोच तहनामा येथें डोळ्यांनीं वाचतां येतो.

तिसरा रविवार अंधेरीचा. २०१४ मध्यें घाटकोपर ते वर्सोवा मेट्रो सुरू झाल्यापासून पूर्वेकडच्या माणसाला अंधेरी जवळची झाली आहे. अंधेरीच्या पश्चिम भागांत इमारतींच्या गर्दींतून एक काळा कडा एकदम वर आलेला दिसतो. त्याला गिल्बर्ट टेंकडी म्हणतात. उंची सुमारें दोनशें फूट. माथ्यावर देवीचें मंदिर. वर जाण्यास खडकांत पायऱ्या. पुष्कळ भाविक देवीचें दर्शन घेऊन उतरतात आणि खडकाकडे पाहात नाहींत. तो खडक सुमारें साडेसहा कोटि वर्षांचा आहे. दख्खनचें पठार ज्या तप्त शिलारसांतून घडलें त्याच युगांतला हा शिलारस थंड होतांना आकसला, आणि त्याला उभ्या भेगा पडून एकाशीं एक चिकटलेले पैलूदार खांब तयार झाले. उन्हाळ्यांत तळें आटल्यावर तळाच्या चिखलाला जशा चौकोनी-षट्कोनी भेगा पडतात, तोच हा प्रकार. मात्र खडकांत त्या भेगा खोलवर उतरलेल्या.

असेच खांब असलेला एक प्रचंड सुळका अमेरिकेंत वायोमिंग प्रांतांत आहे. त्याला डेव्हिल्स टॉवर म्हणतात. तो गिल्बर्ट टेंकडीच्या चौपटीहून उंच असून त्याचा खडकही निराळा आहे, पण घडण त्याच जातीची. १९०६ मध्यें त्या देशानें आपलें पहिलें राष्ट्रीय स्मारक म्हणून त्याची निवड केली आणि त्याच्या भोंवतालची मोकळी जमीन राखून ठेवली. प्रवासी मैलोगणती दुरून त्याला पाहात पाहात येतो. गिल्बर्ट टेंकडीच्या नशिबीं तें भाग्य आलें नाहीं. तिच्या भोंवतालचा खडक खाणवाल्यांनीं फोडून नेला आणि घरें तिच्या पायाला येऊन भिडलीं. तरी ती उभी आहे. एखाद्या म्हाताऱ्यानें भाऊबंदांनीं वाटून घेतलेल्या वाड्यांत आपली एक खोली सोडूं नये, तशी ती उभी आहे.

त्याच दिवशीं दुपारीं पूर्वेस जाऊन कोंडिविट्याचीं, म्हणजे महाकालीचीं लेणीं पाहावींत. हीं बौद्ध लेणीं. त्यांतल्या एका लेण्यांत स्तूपाभोवतीं खडकाचीच एक गोल झोपडी कोरली आहे आणि तिला जाळीच्या खिडक्या ठेवल्या आहेत. कुडाच्या गोल झोपडीचा आकार दगडांत उतरविण्याची ही तऱ्हा बिहारांतील बराबरच्या प्राचीन लेण्यांची आठवण करून देते. तेथून जोगेश्वरीस जावें. सहाव्या शतकांतलें हें विस्तीर्ण शैव लेणें. आंत जोगेश्वरीचें देवस्थान अजून जागतें आहे. पण त्या लेण्याच्या माथ्यावरच वस्ती झाली, आणि वरचें पाणी झिरपून खालचीं शिल्पें झिजत आलीं. वर राहणाऱ्या गरिबाला दुसरीकडे जागा नव्हती हें खरें. आणि खालच्या मूर्तीला हलतां येत नाहीं हेंही खरें. ह्या दोन खऱ्या गोष्टींचा मेळ घालणें हें नगराच्या कारभाऱ्यांचें काम होतें. तें वेळेवर झालें नाहीं, याचा हिशेब भिंतींवर लिहिला गेला आहे.

चौथा रविवार कान्हेरीसाठीं राखून ठेवावा आणि त्या दिवशीं घरून पहांटेसच निघावें. बोरिवलीला उतरून राष्ट्रीय उद्यानाच्या दारांतून आंत गेल्यावर लेण्यांपर्यंत दीड-दोन कोसांची वाट आहे. जाणत्या पायांनीं ती चालावी; इतरांना वाहनाची सोय असते. हें रान सुमारें १०४ चौरस किलोमीटरांचें आहे आणि त्यांत बिबटे आहेत. म्हणून वाट सोडून भटकूं नये आणि संध्याकाळच्या आंत परत फिरावें.

कृष्णगिरि म्हणजे काळा डोंगर, ह्याच नांवाचें रूप बदलत कान्हेरी झालें. एका डोंगराच्या अंगावर शंभराहून अधिक लेणीं. इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास सुरू झालेलें काम पुढें हजार वर्षें थांबत-थांबत चाललें. तिसऱ्या क्रमांकाचा मोठा चैत्य यज्ञश्री सातकर्णीच्या काळचा. त्याच्या ओसरीच्या दोन्ही टोंकांस सुमारें तेवीस फूट उंचीच्या बुद्धमूर्ति उभ्या आहेत. एकेचाळिसाव्या लेण्यांत अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. पुष्कळ प्रवासी एवढें पाहून परततात. ज्यांना कान्हेरी खरोखर समजावयाची आहे त्यांनीं मूर्तींवरून दृष्टि खालीं आणून दाराशेजारचीं पाण्याचीं टांकीं पाहावींत.

जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशीं खडकांत कोरलेलें टांकें आहे. शिलालेखांत त्याला पोढी म्हटलें आहे. डोंगराच्या माथ्यावरून ओघळणारा पावसाळ्याचा थेंबन् थेंब बारीक पन्हळींतून त्यांत उतरावा अशी योजना केलेली दिसते. चैत्र-वैशाखांत हा काळा खडक तव्यासारखा तापतो. गवत वाळून कोळ होतें. ओढा कोरडा पडतो. त्या चार महिन्यांत शेंकडों भिक्षूंची तहान ह्या टांक्यांनीं भागविली. तीं खोदण्याचा खर्च कोणी केला हेंही भिंतींवर लिहिलेलें आहे. कल्याणचे व्यापारी, सोपाऱ्याचे सावकार, सोनार, लोहार, भिक्षुणी, गृहिणी अशा नानाविध लोकांनीं कोणी लेणें दिलें, कोणी टांकें दिलें, कोणी बाकें दिलीं. कोणी जवळच्या मागाठाण्याचें शेत लावून दिलें, कोणी रक्कम ठेवून तिच्या व्याजांतून पावसाळ्यांत भिक्षूंना वस्त्रें द्यावींत अशी व्यवस्था केली. राजांचीं नांवें थोडीं. साध्या माणसांचीं पुष्कळ.

नव्वदाव्या लेण्यांत आणखी एक नवल आहे. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्यें येथें आलेल्या पारशी प्रवाशांनीं पहलवी लिपींत आपलीं नांवें कोरून ठेवलीं आहेत. येथें एखादा चलाख विद्यार्थी विचारील, "गुरुजी, त्यांनीं कोरलेलें चालतें, मग आम्हीं कोरलेलें कां चालूं नये?" प्रश्न चुकीचा नाहीं. त्याला उत्तर असें कीं, त्या काळीं एका पिढींत मोजके प्रवासी येत. आज एका रविवारीं हजारों येतात. प्रत्येकानें एक अक्षर कोरलें तरी दहा वर्षांत भिंत उरणार नाहीं, आणि मग त्या जुन्या पाहुण्यांचीं नांवेंही नाहींशीं होतील.

परततांना विहार आणि तुळशी ह्या तलावांची आठवण ठेवावी. १८५४ च्या सुमारास मुंबईंत पाण्याचा दुष्काळ पडला तेव्हां कारभाऱ्यांनीं ह्याच डोंगराकडे पाहिलें. १८६० मध्यें विहार तलाव पुरा झाला आणि शहराला प्रथमच नळानें पाणी मिळालें. १८७९ मध्यें तुळशी तलाव झाला. भिक्षूंनीं ज्या पावसाला टांक्यांत साठविलें त्याच पावसाला इंजिनियरांनीं धरणानें अडविलें. दोघांचीही भिस्त माथ्यावरच्या रानावर. हें रान पावसाळ्यांतही पाहावें. त्यांत कारवी म्हणून एक झुडूप आहे. तें आठ वर्षांनीं एकदां फुलतें आणि मग डोंगर जांभळा होतो. २०१६ मध्यें तें फुललें, २०२४ मध्यें फुललें. आतां वाट पाहावयाची ती २०३२ ची. ज्या मुलानें २०२४ मध्यें पहिलीची पाटी हातीं घेतली तो तोंवर शाळेच्या वरच्या वर्गांत गेलेला असेल. त्याला तेव्हां डोंगरावर कोणीतरी घेऊन जावें.

चार रविवार संपले. पांचव्या रविवारीं हा प्रवासी देवनारलाच असेल. सकाळीं गच्चीवर जाऊन तो पूर्वेकडे पाहील, तर ढिगारा तेथेंच आहे; चार सहलींनीं तो कमी होणार नाहीं. परंतु त्याच्या पलीकडे तिवरें आहेत, त्यांपलीकडे पाणी आहे, आणि त्या पाण्यावर कोण उतरतें हें आतां त्याला माहीत आहे. तीं टांकीं खोदविणारा सोनार-लोहार आपल्या मागून येणाऱ्या अनोळखी माणसाच्या तहानेचा विचार करीत होता; कचऱ्याची गाडी रिकामी करणारें शहर मागून येणाऱ्या कोणाचाही विचार करीत नव्हतें. दोन्ही माणसांचींच कामें, आणि दोन्ही एकाच साष्टीच्या भूमींत. घरचा ओला कचरा वेगळा ठेवणें, खाडींत पिशवी न भिरकावणें, लेण्याच्या टांक्यांत बाटली न टाकणें, हीं अगदीं लहान कामें आहेत. पण दोन हजार वर्षांपूर्वीं ज्यानें एका टांक्यापुरती देणगी दिली, त्याचेंही काम तेव्हां कोणाला मोठें वाटलें नसेल.

आणि मग कोणी विचारलें, "तूं राहतोस कोठें?" तर त्या मुलानें देवनार असेंच सांगावें. विचारणारा हंसला तर त्याला पुढच्या रविवारीं ओहोटीच्या वेळीं मानखुर्दच्या गाडींत बसवावें आणि उत्तरेची खिडकी द्यावी.